३७ वजा २

घरातल्या पाऱ्याच्या थर्मामीटरवरचे आकडे एकदा चष्मा लावून नीट वाचावेत. बहुतेक थर्मामीटरची पट्टी ९४ अंश फॅरनहाइटच्या आसपास सुरू होते आणि १०८ ला संपते. ९८.६ च्या खुणेच्या वर नऊ अंशांहून अधिक ऐसपैस जागा, खाली मात्र जेमतेम साडेचार अंश. ताप मोजायलाच हे यंत्र जन्माला आलं, तेव्हा त्याची नजर वर असणार हे ओघानेच आलं. पण ९५ फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, ही खालची खूण डॉक्टरांच्या लेखी फार मोठी आहे. शरीराच्या गाभ्याचं तापमान तिच्याखाली गेलं की हायपोथर्मिया झाला असं धरतात. नेहमीचे ३७, धोक्याची रेघ ३५. मध्ये फक्त दोन अंश.

वसई-विरारमध्ये हा विषय काढला तर कुणीही हसेल. मे महिन्यात अंगाची लाही लाही होते, ऑक्टोबरमध्ये घामाच्या धारा लागतात, आणि थंडी म्हणावी तर नाताळ ते मकरसंक्रांतीच्या दरम्यानच्या चार पहाटा. शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेची नीचांकी नोंदसुद्धा ७.४ अंशांची, आणि तीही २२ जानेवारी १९६२ ची. बर्फ इथे दिसतो तो मासळीच्या पेटीत नाहीतर उसाच्या रसात. मग हायपोथर्मियाशी आपलं काय देणंघेणं?

आहे, आणि ते आकडे मांडले की दिसतं. शरीर गार पडतं ते जमाखर्च बिघडल्यावर. आत जेवढी उष्णता तयार होते त्याहून जास्त बाहेर जाऊ लागली की तापमान उतरायला लागतं. बाहेर बर्फाचा डोंगर असो वा अर्नाळ्याचा कोमट समुद्र.

जमेची बाजू

माणूस काहीही न करता नुसता बसून राहिला तरी सुमारे १०० वॉट उष्णता सतत तयार करत असतो. एकट्याचा आकडा किरकोळ वाटतो. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. दरडोई १०० वॉट धरले तर या शहरातली माणसं मिळून १२२ मेगावॉट उष्णता हवेत सोडतात. आपल्याच जिल्ह्यातल्या डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता ५०० मेगावॉट आहे. म्हणजे त्या केंद्राच्या क्षमतेच्या जवळपास पाव हिस्सा उष्णता वसई-विरारकर बसल्या जागी तयार करतात, चोवीस तास, सुट्टी न घेता. लहान मुलांमुळे हिशेब थोडा खाली येईल, पण २०११ नंतर वाढलेली वस्ती ती तूट केव्हाच भरून काढते.

ही उष्णता तयार होणं जितकं गरजेचं, तितकंच ती वेळच्या वेळी बाहेर जाणंही. शरीराच्या एका किलोचं तापमान एक अंशाने वाढवायला साधारण साडेतीन किलोज्यूल लागतात. सत्तर किलोच्या माणसाला एका अंशासाठी २४५ किलोज्यूल. उष्णता बाहेर जायची अजिबात थांबली, तर दर ४१ मिनिटांनी एक अंश ताप चढत जाईल. घाम, वारा, श्वास, अंगावरचे पातळ कपडे ही सगळी धडपड ती उष्णता बाहेर काढण्यासाठी असते. कोकणपट्टीतल्या माणसाचं आयुष्य याच धडपडीत जातं, म्हणून उलट्या दिशेचा धोका त्याच्या ध्यानीमनीही नसतो.

आता तोच हिशेब उलटा करू. ३७ वरून ३५ वर यायला ४९० किलोज्यूल गमवावे लागतात. किलोकॅलरीत सांगायचं तर ११७. तेलाचा हात लावलेल्या एका पोळीतून साधारण एवढीच ऊर्जा मिळते. धडधाकट माणूस आणि हायपोथर्मिया यांच्यात एका पोळीचं अंतर आहे!

उष्णतेचा खर्च उत्पन्नापेक्षा १०० वॉटने जास्त झाला आणि तसाच राहिला, तर हे अंतर ८२ मिनिटांत कापलं जातं. चर्चगेटहून विरार गाठायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. तूट ५० वॉटची असेल तर पावणेतीन तास.

अर्थात शरीर हातावर हात धरून बसत नाही. आधी कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त आतल्या अवयवांकडे वळतं. हातपाय गार पडतात ते त्यामुळे. ते पुरेसं झालं नाही की हुडहुडी भरते. दात वाजतात, अंग थडथड उडतं, आणि या कापण्यातून नेहमीच्या चार-पाच पट उष्णता तयार होऊ शकते. पण त्याला इंधन लागतं. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेलं ग्लायकोजेन ४००-५०० ग्रॅमच्या घरात असतं. त्यातून १६०० ते २००० किलोकॅलरी निघतात. उपाशी, दमलेल्या, कुपोषित किंवा वयस्क शरीराची ही शिल्लक मुळातच कमी. दारूने तर दोन्ही बाजूंनी घात होतो. कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होऊन उष्णता भसाभस बाहेर जाते, आणि अंगात ऊब आल्याचा भास झाल्यामुळे माणूस निवारा शोधायचं सोडून देतो.

पाण्याचा हिशेब वेगळा

हवा उष्णतेची वाहक म्हणून फारच आळशी आहे. पाणी तिच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्याहून चक्रावणारा आकडा साठवणुकीचा: एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे ३५०० लिटर हवा एका अंशाने तापते. हवेत आपल्याभोवती तापलेल्या हवेचं एक पातळ कवच तयार होतं आणि ते बरंच काम करतं. पाण्यात मात्र प्रत्येक लाट ते कवच धुऊन नेते आणि नवं गार पाणी अंगाला भिडवते.

म्हणूनच २८ अंशांची हवा आणि २८ अंशांचं पाणी यांची बरोबरी होत नाही. २८ अंशांच्या सावलीत उघडा माणूस मजेत बसतो. पाण्यात मात्र नुसतं तरंगत राहून शरीराचं तापमान टिकायचं असेल तर पाणी ३३ ते ३५ अंशांचं लागतं. वसईच्या किनाऱ्यालगतचा अरबी समुद्र जानेवारी-फेब्रुवारीत २४-२५ अंशांच्या आसपास असतो आणि मे महिन्यात ३० च्या घरात जातो. अंगाला कोमट लागणारा हा समुद्र बाराही महिने आपली उष्णता काढून घेत असतो. भुईगावच्या किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर अर्धा तास डुंबून आलेल्या पोरांचे ओठ भर उन्हाळ्यात निळे पडतात ते याच कारणाने.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात ओएनजीसीच्या कामावर असलेली पी-३०५ ही बार्ज मुंबईपासून सुमारे ७० किलोमीटरवर बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. नौदलाच्या आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर जहाजांनी वादळातच शोध सुरू केला. कित्येक जण लाइफ जॅकेटच्या आधाराने रात्रभर लाटांवर होते. १८६ जण वाचले, ७५ गेले. वादळात सापडलेल्या वरप्रदा या टगवरच्या १३ पैकी दोघेच परतले. दोन्ही मिळून ८६ मृत्यू. त्याच वादळात भरकटलेली गॅल कन्स्ट्रक्टर ही दुसरी बार्ज आपल्या पालघर जिल्ह्यात, वडराईच्या किनाऱ्याजवळ रुतली. तिच्यावरच्या १३७ जणांना १८ मे रोजी तटरक्षक दलाने सुखरूप काढलं. त्यांच्या पायाखालचं लोखंड शाबूत राहिलं, हा फरक.

पी-३०५ च्या माणसांना थंडीने मारलं असा याचा अर्थ नाही. खवळलेल्या समुद्रात बुडणं आणि मार लागणं आधी येतं. पण रात्रभर पाण्यात असलेल्या माणसाच्या बाबतीत बुडणं आणि गार पडणं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. समुद्री बचावाच्या तक्त्यांत २७ अंशांहून उबदार पाण्यात माणूस किती काळ तग धरेल, या रकान्यात ‘अनिश्चित काळ’ असं लिहिलेलं असतं. २१ ते २७ अंशांच्या पाण्यात ३ ते १२ तासांत माणूस गळून जातो किंवा शुद्ध हरपते. ‘अनिश्चित’ या दिलाशात एक अट मात्र दडलेली आहे: पाण्यातल्या माणसाने जेवढी उष्णता जाते तेवढी तयार करत राहिलं पाहिजे. पोटात अन्न नाही, खारं पाणी पिऊन उलट्या होताहेत, डोक्यावरून ताशी शंभर किलोमीटरचा वारा जातोय, हात काही धरून ठेवण्यासाठी झगडताहेत, अशा वेळी ती अट पाळणं दर तासाला कठीण होतं. आधी बोटांची पकड जाते. मग तोंड लाटेपासून वळवायचं भान जातं. तापमान अजून ३५ च्या आसपासच असतं, पण बुडायला एवढं पुरतं.

दुसरं टोक टायटॅनिकचं. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे उत्तर अटलांटिकचं पाणी उणे दोन अंशांवर होतं. खारं असल्यामुळे ते गोठलेलं नव्हतं एवढंच. सुमारे १५०० माणसं दगावली, आणि त्यांतले पुष्कळसे जण लाइफ जॅकेट घालून तरंगत होते. बर्फगार पाण्याचं ठोकळ गणित बचावपथकं १-१०-१ असं सांगतात: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायला एक तास. आपल्या समुद्रात मिनिटांच्या जागी तास येतात. क्रम मात्र तोच.

मासेमारीवर जाणाऱ्यांना यातले दोन आकडे उपयोगी पडावेत. गार पाण्यात पोहत राहणाऱ्याचं शरीर स्थिर तरंगणाऱ्यापेक्षा ३५ ते ५० टक्के जास्त वेगाने थंड होतं, असं कॅनडातल्या प्रयोगांत दिसलं. किनारा हाकेच्या अंतरावर नसेल तर गुडघे छातीशी घेऊन, एकमेकांना बिलगून तरंगणं शहाणपणाचं. आणि बराच वेळ पाण्यात असलेल्याला बोटीत घेताना होता होईल तेवढा आडवा घ्यावा. पाण्याचा दाब एकदम सुटला की रक्तदाब कोसळतो, आणि हाती लागलेला माणूस डेकवर दगावू शकतो.

बोटीवर पाण्यात न पडताही उष्णता खर्च होते. पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या बोटीवर मासळीच्या खणात बर्फ फोडून पसरणाऱ्या खलाशाकडे पाहा. दीड किलो बर्फ वितळायला सुमारे ५०० किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळपास आपले दोन अंश. त्याच्या हातांनी वितळतो तो अर्थातच त्यातला किंचित भाग, पण भिजलेला सदरा, रात्रीचा वारा आणि अपुरी झोप यांचा खर्च त्यावर चढतो. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी उठते तेव्हा पाऊस अजून अंगावरच असतो.

ओले कपडे

पी-३०५ बुडाल्याला पाच दिवस होतात न होतात तोच, २२ मे २०२१ रोजी, चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ धावपटू निघाले, बहुतेक अर्ध्या चड्डीत आणि पातळ टी-शर्टात. दुपारी गारपीट, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. २१ जण गेले. ही घरात बसणारी माणसं नव्हती. त्यांतले काही तर देशातले अव्वल धावपटू होते. धावणारं शरीर हजार वॉटपर्यंत उष्णता तयार करतं. माणूस थांबला की ती पुन्हा शंभरावर येते, आणि ओल्या अंगावरून पाणी उडत राहतं ते मात्र थांबत नाही.

पाणी उडण्याचा हा खर्च सगळ्यांत महाग. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. पावसात चिंब झालेल्या कपड्यांत अर्धा लिटर पाणी सहज मावतं. ते सगळं अंगाच्याच उष्णतेने सुकवायचं म्हटलं तर १२०० किलोज्यूल, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे जवळपास पाच अंश. नशिबाने त्यातली बरीच उष्णता हवा पुरवते. म्हणून तर जुलैत भिजून एसी लोकलमध्ये चढलेला विरारकर बोरिवलीपर्यंत काकडतो, पण त्याहून वाईट काही होत नाही. घरी पोहोचून टॉवेल आणि चहा मिळेपर्यंत हुडहुडी किल्ला लढवते.

आणि घरी पोहोचताच आलं नाही तर? २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्यात गेलं, रुळांवर पाणी चढलं, वडोदरा एक्स्प्रेस नालासोपाऱ्याजवळ अडकली आणि प्रवाशांना एनडीआरएफने बाहेर काढलं. अशा वेळी कंबरभर पाण्यातून वाट काढणारी आजी, रात्रभर ओल्या अंगाने गच्चीवर बसलेलं मूल, मधुमेह किंवा थायरॉइडची गोळी चुकलेले आजोबा, यांच्या जमाखर्चात शरीराकडे काढायला फारसं काही उरत नाही. हवा २५ अंशांची असली तरी ओलं अंग, वारा, उपास आणि वय या चार गोष्टी एकत्र आल्या की हायपोथर्मियाला आणखी काही लागत नाही. वयस्क माणसांना पुरेशी हुडहुडी भरतही नाही. ते नुसते गप्प गप्प होतात, बोलणं जड होतं, पाय अडखळतात; घरच्यांना वाटतं, थकलेत.

अडीच किलोचा माणूस

आतापर्यंतचे सगळे आकडे सत्तर किलोच्या माणसाचे होते. हायपोथर्मिया सर्रास होतो तो मात्र अडीच किलोच्या माणसाला.

नवजात बाळाच्या एका किलो वजनामागे कातडी असते सुमारे ७२० चौरस सेंटिमीटर. मोठ्या माणसाच्या किलोमागे २५७. म्हणजे उष्णता गळायला जवळपास तिप्पट जागा. कातडीखाली चरबी नावापुरती, हुडहुडी भरण्याची सोय नाही. मानेभोवती आणि पाठीच्या वरच्या भागात थोडी तपकिरी चरबी असते, ती जाळून जी काय ऊब मिळेल ती. दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाकडे तीही अपुरी.

असं बाळ ३७ अंशांच्या ओल्या जगातून बाहेर येतं आणि खोलीत पंखा चालू असतो. मे महिना, सगळे घामाघूम, त्यात कुणाचं काही चुकतंय असंही नाही. बाळाच्या अंगावर गर्भजल आहे. दहा मिलीलिटर धरू, दोन छोटे चमचे. ते उडून जायला २४ किलोज्यूल लागतात. अडीच किलोच्या बाळाचा एक अंश म्हणजे पावणेनऊ किलोज्यूल. भागाकार केला तर २.७ अंश येतात. दोन चमचे पाणी पुसलं नाही, एवढ्यावर बाळ ३७ वरून ३५ च्या खाली जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकांनुसार जन्मानंतर काहीच न केल्यास बाळाच्या गाभ्याचं तापमान मिनिटाला ०.१ अंशाने उतरू शकतं. वीस मिनिटांत दोन अंश.

बाळांसाठी रेघही वर सरकलेली आहे. त्यांचं नॉर्मल ३६.५ ते ३७.५, त्याखाली गेलं की सौम्य हायपोथर्मिया, ३६ खाली मध्यम, ३२ खाली तीव्र. दिवस भरलेल्या उघड्या बाळाला आपलं तापमान विनासायास राखायला भोवतालची हवा ३२ ते ३४ अंशांची लागते. ज्या दुपारी वसईत आपल्याला जीव नकोसा होतो, ती दुपार उघड्या बाळाच्या मापाची असते! त्याहून गार प्रत्येक खोली त्याच्यासाठी थंड. जगभरातल्या अभ्यासांचा २०१३ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा रुग्णालयात जन्मलेल्या बाळांत हायपोथर्मियाचं प्रमाण ३२ ते ८५ टक्के आणि घरी जन्मलेल्यांत ११ ते ९२ टक्के निघालं, उष्ण कटिबंधातले देशही त्यात आले. फार कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या एका अमेरिकी अभ्यासात, नवजात अतिदक्षता विभागात दाखल होतानाचं तापमान एका अंशाने कमी असलं की मृत्यूची शक्यता २८ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

उपायांचे आकडेही तितकेच अचंबित करतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांच्या सामानात इंजेक्शनं होती, तशी बाळाला गुंडाळायची उबदार पिशवीही होती. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तो सगळाच उबेचा परिणाम नव्हे, जंतुसंसर्गावरचे उपचार त्यात मोठे. पण ऊब त्या कामाचा पाया होती.

त्याहून स्वस्त उपाय १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी काढला. इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवलं. याचीच कांगारू मदर केअर झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांतली ३२११ बाळं होती, वजन एक किलो ते १.८ किलोच्या आतलं. दिल्लीचं सफदरजंग त्यांतलं एक. एका गटात जन्मल्याबरोबर कांगारू सुरू केलं आणि ते दिवसाला सरासरी १७ तास चाललं. दुसऱ्या गटात बाळ आधी स्थिरस्थावर होऊ दिलं. महिन्याच्या आत पहिल्या गटातली १२ टक्के बाळं गेली, दुसऱ्यातली १५.७. मृत्यू पाव हिश्शाने कमी, आणि ते कशाने, तर आईच्या १०० वॉटनी! फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवून सगळ्याच बाळांना हा उपाय द्यायचं ठरलं.

ऑपरेशनच्या टेबलावर

बाळांखालोखाल हायपोथर्मियाची हमखास जागा म्हणजे ऑपरेशन थिएटर. पूर्ण भूल दिल्यावर रक्तवाहिन्या सैल पडतात, गाभ्यातली उष्णता हातापायांकडे पसरते आणि पहिल्याच तासात तापमान एक ते दीड अंशाने उतरतं. त्यात एसी, उघडं पोट आणि शिरेतून जाणारं गार सलाइन. २० अंशांचं एक लिटर सलाइन सत्तर किलोच्या माणसाला पाव अंशाहून थोडं जास्त खाली आणतं.

एवढ्याशा घसरणीने काय बिघडतं, ते १९९६ मध्ये संशोधकांनी मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांत मोजलं. एका गटाचं तापमान ३४.७ पर्यंत उतरू दिलं, दुसऱ्याचं ३६.६ वर राखलं. गार गटात १९ टक्के रुग्णांच्या जखमेत पू झाला, उबदार गटात ६ टक्के. १.९ अंशांनी संसर्ग तिप्पट केला. रक्त गोठवणारी विकरं, जंतूंशी लढणाऱ्या पेशी, औषधांचा निचरा, सगळ्यांचं काम ३७ वर बेतलेलं आहे.

तळ कुठे आहे?

३५ ते ३२ मध्ये माणूस कापतो, चिडतो, बरळतो. ३२ खाली गुंगी येते. ३१-३० च्या सुमारास हुडहुडी थांबते. बघणाऱ्याला वाटतं, आता बरं वाटतंय, आणि खरं तर शरीराने हात टेकलेले असतात. काही जण या अवस्थेत अंगावरचे कपडे काढून फेकतात. २८ खाली हृदयाचा ताल केव्हाही बिघडू शकतो, नुसतं जोराने हलवलं तरी. २४ खाली ते बहुधा थांबतं.

पण जी थंडी हृदय थांबवते तीच मेंदूची भूकही कमी करते, दर अंशाला सहा-सात टक्क्यांनी. २० मे १९९९ रोजी ॲना बोगेनहोम ही २९ वर्षांची स्वीडिश डॉक्टर नॉर्वेत स्कीइंग करताना बर्फाखालच्या ओढ्यात ८० मिनिटं अडकली. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात पोहोचली तेव्हा नाडी नव्हती आणि तापमान १३.७ अंश होतं. शंभरावर माणसं नऊ तास राबली. ती जगली, आणि पुढे त्याच रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करू लागली. गार पडलेला माणूस पुरता उबदार होईपर्यंत त्याला मृत ठरवू नये, हा नियम डॉक्टर पाळतात तो अशाच रुग्णांच्या अनुभवावरून.

हृदयाच्या काही शस्त्रक्रियांत शरीर मुद्दाम १८-२० अंशांपर्यंत नेतात. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला ७२ तास ३३.५ अंशांवर ठेवून त्याचा मेंदू वाचवतात. तापमान मोजत, ठरवून, यंत्रांच्या पहाऱ्यात उतरवलं तर ते औषध ठरतं.

गणिताचं उत्तर

२००० ते २०१९ या काळातल्या जगभरच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अयोग्य तापमानाशी जोडता येणारे मृत्यू वर्षाला सुमारे ५० लाख भरले, आणि त्यांतले दहापैकी नऊ गारठ्याचे. त्यांतल्या बहुतेकांच्या दाखल्यावर हायपोथर्मिया लिहिलेलं नसणार; हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया अशी कारणं असणार. पण लोकसंख्येच्या मानाने गारठ्याचे सर्वाधिक मृत्यू कुठे आढळले? सायबेरियात नाही, कॅनडातही नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत.

उकाड्याच्या प्रदेशात घरं वारा खेळावा म्हणून बांधलेली असतात, कपाटात लोकरीचं काही नसतं, आणि गारठ्याची भीती कुणाच्या मनाला शिवत नाही. वसई-विरारलाही यातलं सगळं लागू आहे. त्यामुळे इथे खबरदारी हवामानाचा अंदाज बघून घ्यायची नसते. अंग ओलं आहे का, वारा आहे का, पोट रिकामं आहे का आणि समोरचा माणूस किती लहान किंवा किती म्हातारा आहे, एवढं बघायचं. ओले कपडे आधी उतरवायचे, अंग कोरडं करून डोक्यासकट गुंडाळायचं, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्यायचं, हातपाय चोळायचे नाहीत, दारू द्यायची नाही आणि लगेच दवाखाना गाठायचा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला पंखा बंद करून आधी पुसायचं, टोपडं घालून आईच्या छातीवर ठेवायचं आणि पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवायची. दोन अंश गमवायला एका पोळीएवढी ऊर्जा पुरते. ते राखायला बहुतेक वेळा एक कोरडा पंचा पुरतो.